गायकवाड सिस्टर आणि सुभेदाराची वही

गायकवाड सिस्टर कोणालाही "कसे आहात?" असं विचारत नसत. त्या विचारत, "झाली का?" म्हणजे लघवी. समोरचा आजारी असो की धडधाकट, प्रश्न तोच. माझ्या वडिलांचं ऑपरेशन होऊन ते घरी आले तेव्हा सगळी गल्ली मोसंबी घेऊन भेटायला आली. सिस्टर रिकाम्या हातांनी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "झाली का?"

"दोनदा झाली," वडील म्हणाले.

"किती?"

वडिलांना सांगता येईना. सिस्टर घरी गेल्या, मापाच्या रेघा असलेलं काचेचं भांडं घेऊन आल्या आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सरकारसाठी नदीचं पाणी मोजता ना? आता आठ दिवस हे मोजा. लिहून ठेवा. अंदाजे नको."

मी पाटबंधारे खात्यात होतो, अजूनही आहे. ठरलेल्या वेळी पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे माझं काम. मी आठ दिवस लिहिलं. नवव्या दिवशी सिस्टरनी कागद पाहिला, प्रत्येक आकड्यावर बोट फिरवलं आणि "बरं लिहिता," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती पुढे मी फार थोड्यांची ऐकली.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी. तेव्हा शेवटच्या घरापलीकडे द्राक्षांचे मळे लागत. आमच्या दारापासून सिस्टरच्या ओट्यापर्यंत बेचाळीस पावलं. सरकारी दवाखान्यात त्यांची एकतीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली एकोणीस पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात. निवृत्त झाल्यावरही त्या पांढरीच साडी नेसत आणि घड्याळ मनगटाऐवजी छातीशी पिनेने लावत. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्या, एक लोखंडी कॉट, फळीवर बुद्धाची वीतभर मूर्ती आणि कपाटात घडी घातलेल्या चादरी. त्या चादरींचे कोपरे इतके नेमके जुळलेले असत की माझ्या बायकोने, मंगलने, एकदा मदत म्हणून एक चादर घडी केली, ती त्यांनी तिच्यासमोरच उलगडली आणि पुन्हा घातली. मंगल दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. सिस्टरच्या ते लक्षातही आलं नसावं. त्यांचा चहा पाणचट असे आणि कोणी रडू लागलं की त्या उठून जात. गुणांबरोबर हेही सांगितलं पाहिजे.

वॉर्डातल्या गोष्टी त्या क्वचित सांगत, आणि सांगितल्या तर बातमी वाचावी तशा सांगत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत काही रोग्यांचे नातेवाईक त्यांच्या हातचं पाणी रोग्याला देऊ देत नसत. "पाणी नको म्हणायचे," सिस्टर म्हणाल्या, "पण नळी घालून लघवी काढायला मीच लागायचे. तेव्हा कोणी जात विचारली नाही." मंगलने "बाई गं!" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय? त्यामुळे मला कळलं की माणसाला खरी गरज कशाची असते."

अशा बाईंच्या घरी कुत्रा येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. मागच्या बंगल्यातल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली. त्यांचा शिपाई एका सकाळी कुत्रा घेऊन आला. आखूड पाय, लांब अंग, लोंबते कान. डॅशहाउंड जातीचा. "बाईसाहेब म्हणाल्या, चार दिवस ठेवा, मग मागवून घेऊ." ते चार दिवस संपलेच नाहीत. कुत्रा छाती पुढे काढून, जमिनीपासून चार बोटांवरून चालायचा. त्यावरून सिस्टरनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. त्या त्याला कुरवाळत नसत. सकाळी त्यालाही एकच प्रश्न विचारत, आणि तो अंगणातल्या पेरूच्या झाडाशी जाऊन उत्तर देई.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सुभेदाराने ओट्यावरून मुंगसावर उडी टाकली. ओटा पावणेतीन फूट उंच. तो जे ओरडला ते मी माझ्या घरात ऐकलं. संध्याकाळी तो झोकांड्या देत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे मागे ओढत होता. आम्ही गेलो तेव्हा सिस्टरनी त्याला एका फळीवर आडवं करून चादरीच्या पट्ट्यांनी सैलसर बांधलं होतं.

"मणक्यातली गादी सरकली," त्या म्हणाल्या. "वॉर्डात असे खूप यायचे. फरक एवढाच की हा बायकोला शिव्या देत नाही."

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सबनीस भले गृहस्थ होते. त्यांनी सूज उतरायचं इंजेक्शन दिलं आणि प्रांजळपणे सांगितलं, "सिस्टर, माझ्याकडे बैल येतात, म्हशी येतात. असल्या कुत्र्याचा मणका मी पुस्तकातच पाहिलाय. हलू देऊ नका, एवढंच सांगू शकतो."

सिस्टरनी रेडिओच्या दुकानातून मोठं लाकडी खोकं आणलं. त्यात बाजरी भरून शिवलेली पातळ गादी घातली, म्हणजे हाडावर दाब येत नाही. सहा आठवडे सुभेदार त्या खोक्यात. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवी आपोआप होत नव्हती, म्हणून दिवसातून चार वेळा ओटीपोट दोन्ही हातांनी हळू दाबून ती काढायची. मग कोमट पाण्याने पुसणं, कोरडं करणं, पावडर. त्यांनी ते मंगललाही शिकवलं, म्हणजे चादरीचं भांडण आपोआप मिटलं. मंगलच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "दया आली असेल तर बाहेर जा. येताना हात धुऊन ये."

सहा आठवड्यांनी आम्ही तिघं त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबलं. पाय झटकन आखडला.

"हलवला! सिस्टर, पाय हलवला!" मंगल ओरडली. मलाही आनंद झाला.

सिस्टर कुत्र्याच्या पायाकडे पाहतच नव्हत्या, तोंडाकडे पाहत होत्या. "परत दाबा डॉक्टर. जोरात."

पुन्हा पाय आखडला. सुभेदार समोरच्या खिडकीतल्या माशीकडे पाहत होता.

"पाय हलला," सिस्टर म्हणाल्या. "सुभेदारानं नाही हलवला. त्याला कळलंच नाही. कळलं असतं तर मान वळली असती, निदान कुरकुरला असता."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. "तुम्हाला माहीतच आहे म्हटल्यावर मी काय सांगू? सहा आठवड्यांनंतरही जाणीव आलेली नाही, म्हणजे हा चालेल अशी आशा मी देणार नाही. नऊ किलोचं जनावर, जन्मभर असं दाबत, पुसत बसणार? मी इंजेक्शन देतो. पाच मिनिटांत सुटेल."

"कोण?"

"म्हणजे?"

"सुटेल कोण? हा की आपण?"

सिस्टरनी त्यापुढे जे सांगितलं ते मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खोटं नाही. वॉर्डात मी असे रोगी पाहिलेत की त्यांना नातेवाईकांनी स्वतःच्या समाधानासाठी जगवलं. मला तसं करायचं नाही. मला महिनाभर द्या. पण मी स्वतः ठरवणार नाही, कारण मी त्याच्या बाजूची आहे. मी खोटं पाहीन." आणि माझ्याकडे वळून, "भाऊ लिहितील."

परत येताना टांग्यात त्यांनी वॉर्डातला एक रोगी सांगितला. सुरगाण्याकडचा माणूस, झाडावरून पडून कमरेखाली लुळा पडलेला. येणारा जाणारा त्याच्या उशाशी उभं राहून, "यापेक्षा गेलेला बरा," असं त्याला ऐकू जाईल असं म्हणायचा. एक दिवस सिस्टरनी त्याला विचारलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, "बाय, मला दार दिसत नाय. कोण येतं ते पाहू दे." सिस्टरनी कॉट फिरवली. मेट्रननी रांग बिघडली म्हणून बोलून घेतलं. तो माणूस त्या दिवसापासून नीट जेवायला लागला. "आपण पायांचं दुःख करत बसलो होतो," सिस्टर म्हणाल्या, "आणि त्याला दार पाहिजे होतं. म्हणून सुभेदाराला काय पाहिजे ते आधी ठरवू."

त्यांनी पाच गोष्टी काढल्या. धडधाकट असताना सुभेदाराला कशात गोडी होती? भाकरीचा कडक पापुद्रा खाण्यात. ऊन शोधून त्यात पडण्यात. रस्त्यावरून जाणाऱ्यावर भुंकण्यात. आलेल्या माणसाच्या चपलांचा वास घेण्यात. आणि हाक मारली की मान वळवून बघण्यात. दिवसात यातल्या तीन दिसल्या तर दिवस बरा. तीनपेक्षा कमी, किंवा अंगावर उघडी जखम, तर दिवस वाईट. सलग दोन आठवडे वाईट दिवस जास्त भरले तर इंजेक्शन. मी जे स्वतः पाहीन तेवढंच लिहायचं, सिस्टरना किंवा मंगलला विचारायचं नाही. आणि सिस्टरनी एक शब्द बोलायचा नाही.

मी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, पाच गोष्टी, जखम, शेरा. वेळेचा रकाना कोणी सांगितला नव्हता. तो आमच्या खात्याच्या सवयीचा.

खोक्यातून बाहेर आल्यावर सुभेदार पुढच्या दोन पायांवर सरपटत फिरू लागला. मागची बोटं घासू नयेत म्हणून सिस्टरनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे मोजे शिवले होते. पहिल्या आठवड्यात माझी रजा होती. मी कधीही डोकावत होतो. पाच बरे, दोन वाईट. रजा संपली. मग मी ऑफिसला जाण्याआधी सकाळी सातला आणि आल्यावर संध्याकाळी साडेसहाला, प्रत्येकी अर्धा तास बसू लागलो. दुसरा आठवडा, तीन बरे, चार वाईट. तिसरा, दोन बरे, पाच वाईट.

रोज तेच दृश्य. सकाळी तो मेल्यासारखा झोपलेला. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडलेला. हाक मारली तर कानही हलत नसे. मी लिहीत होतो. सिस्टर दारात उभ्या राहून मी लिहिताना पाहत, वही वाचत नसत. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटलेलं लिहायचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग."

गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. समोरचे अण्णा कुलथे, निवृत्त पोस्टमास्तर, रोज मला थांबवून विचारत, "काय साहेब, आज पास की नापास?" अण्णांना कुत्री मुळीच आवडत नसत. "मी असतो तर पहिल्याच दिवशी निकाल लावला असता. जनावराचे हाल, बाईचेही हाल. आणि तुम्ही शिकलेसवरलेले, कुत्र्याचं प्रगतिपुस्तक भरताय!"

तिसरा आठवडा भरल्यावर रविवारी सकाळी मी बेरीज केली आणि सिस्टरना सांगितलं. सलग दोन आठवडे. ठरल्याप्रमाणे झालं होतं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "उद्या नऊला टांगा सांगते. मंगलला आज कळवू नका, रडत बसेल." मग सुभेदाराचं पाणी बदलायला आत गेल्या. रोज बदलत तेवढंच, त्याच भांड्यात. मी पाहिलेलंच लिहितो आहे.

दुपारी जेवणानंतर मी वही पुन्हा काढली. डॉक्टरांना दाखवायची तर बेरजा दोनदा तपासलेल्या बऱ्या. बेरजा बरोबर होत्या. पण तपासताना माझं बोट वेळेच्या रकान्यावरून गेलं आणि थांबलं. तीन आठवड्यांत जिथे जिथे "भुंकला", "ऊन शोधलं", "चपलांचा वास" अशा खुणा होत्या, त्यातल्या दोन सोडून सगळ्या सकाळी नऊ ते दुपारी चारमधल्या होत्या. बहुतेक पहिल्या आठवड्यातल्या. आणि पुढचे पाच बरे दिवस कोणते? दोन रविवार, दोन सुट्टीचे वार, आणि एक दिवस मी अंगात कणकण म्हणून घरी होतो.

कुत्रा खालावला नव्हता. माझी रजा संपली होती.

आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात की पर्जन्यमापक झाडाखाली ठेवायचा नाही. पाऊस कितीही पडो, आकडा चुकतो. मी तेरा वर्षं दुसऱ्यांना हे शिकवत होतो. आणि इथे सकाळी सातला, म्हणजे पहाटे पाचचं पोट दाबणं, मग पुसणं, मग तासभर मागच्या पायांचा व्यायाम, एवढं सगळं झाल्यावर जनावर थकून झोपलेलं असताना मी बघत होतो. आणि साडेसहाला, संध्याकाळच्या कोमट पाण्यानंतर, जेव्हा ते रुसून भिंतीकडे तोंड करायचं.

मी बेचाळीस पावलं जवळजवळ पळत गेलो. सिस्टरना रकाना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, सगळी पानं उलटली. वही पहिल्यांदाच वाचत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही दिवसभर इथे असता. तो दुपारी भुंकतो, खेळतो, हे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत? उद्या त्याला नेणार होतो आपण!"

"भाऊ, वॉर्डात प्रत्येक आई सांगायची, मघाशी ह्यानं डोळे उघडले, तुम्ही नव्हता तेव्हा हात दाबला. खोटं नाही सांगायच्या. त्यांना तसं दिसायचं." त्यांनी वही मिटली. "मला वाटलं, मलाही तसंच दिसतंय."

मी वही परत हातात घेतली.

"आणि आता तुम्हाला दया आली असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन आठवडे त्याच्याजवळ बसलात. तुमचंही आता धरता येत नाही."

"मग कोणाचं धरायचं?"

त्यांनी समोरच्या घराकडे बोट केलं. "त्यांना कुत्रं आवडत नाही ना? त्यांना बसवा. उद्या दिवसभर. टांगा परवा."

अण्णांना तयार करायला मला तासभर लागला. शेवटी, "सरकारी पद्धतीने नोंद करायची आहे, तुमच्याइतका अनुभव गल्लीत कोणाला नाही," असं म्हटल्यावर ते उठले. सोमवारी सकाळी आठला स्वतःची आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि पेन घेऊन ते सिस्टरच्या ओट्यावर बसले. सिस्टर आतल्या खोलीत, कामापुरत्याच बाहेर येणार. मी ऑफिसला गेलो. त्या दिवशी मी एक पातळी चुकीची लिहिली आणि खोडून दुरुस्त केली. नोकरीतली माझी ती पहिली खाडाखोड.

संध्याकाळी वही हातात आली. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांची ती दोन पानं मी जपून ठेवली आहेत, त्यातलं थोडं देतो.

"८.४०. कुत्रा झोपलेला. मला चहा मिळाला. पाणचट.

९.१५. जागा झाला. भाकरीचा पापुद्रा खाल्ला. माझ्या चपलेचा वास घेतला. हाकलला. परत आला.

१०.०५. उन्हात पडला. ऊन सरकतं तसा पुढच्या पायांवर सरकतो. एकदा माझी सावली पडत होती, तर माझ्याकडे रोखून पाहिलं. मी खुर्ची हलवली.

११.००. पोट दाबण्याचा कार्यक्रम. मी पाठ केली.

१२.२०. भाजीवालीवर भुंकला. वांगी किडकी होती, मीही बोललो.

१.३०. मला डुलकी लागली असावी. नोंद नाही.

२.१०. 'सुभेदार' म्हटलं. पाहिलं. परत म्हटलं. परत पाहिलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर कंटाळून तोंड फिरवलं.

३.१०. माझी डावी चप्पल जागेवर नाही."

शेवटी पाचपैकी पाच असा आकडा, त्याखाली सही, आणि सहीखाली शेरा: "माझ्या मते हा कुत्रा आजारी नाही. त्याचे मागचे दोन पाय आजारी आहेत. बाकीचा कुत्रा ठणठणीत असून उद्धट आहे."

सिस्टरनी तो शेरा उभ्या उभ्या वाचला. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात अण्णांची डावी चप्पल होती.

टांगा रद्द झाला. डॉक्टर सबनीसांनी दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, "हे मला पुस्तकात कुठे मिळालं नसतं." पुढे बैलाच्या मालकांनासुद्धा ते विचारू लागले, "हा चरतो कसा? सावली शोधतो का? किती वेळ बघितलंस?"

वही मात्र सिस्टरनी बंद केली नाही. "एकदा पास झाला म्हणजे जन्मभर पास नाही," म्हणाल्या. नियम तोच राहिला, फक्त बघण्याच्या वेळा बदलल्या. रोज वेगळी वेळ. दुपारची मंगल लिहायची, कधी अण्णा. अण्णा स्वतःला "मानद निरीक्षक" म्हणवून घेऊ लागले आणि आपल्या चपला उंच कोनाड्यात ठेवू लागले. एका सुताराने बेअरिंगच्या चाकांची गाडी करून दिली. मागचं अंग तिच्यावर बांधलं की सुभेदार चालेल, अशी कल्पना. तो चालला नाही, धावला. ओट्यापुढच्या उतारावरून जो सुटला तो कॉलनीच्या फाटकापर्यंत, आणि मागे छातीशी घड्याळ धरून सिस्टर. त्यांना धावताना मी त्या एकदाच पाहिलं. फाटकाशी त्याला उचलून त्यांनी आधी चारही पाय तपासले, मग गाडी सोडून सुताराला परत दिली. "ब्रेक लावून आणा," म्हणाल्या. ब्रेक काही लागला नाही, आणि सुभेदार टॉवेलच्या झोळीत मागचं अंग तोलून धरलेला, असाच रोज सकाळी मळ्यापर्यंत जाऊन येऊ लागला. वाकून झोळी धरायची म्हणजे साठीच्या बाईची कंबर दुखणारच. मी एकदा म्हटलं, तुमच्या मणक्याचं काय? तर म्हणाल्या, "माझ्या मणक्याची वही वेगळी."

वणीच्या देवीच्या यात्रेला जाणारे लोक कधी कॉलनीतून आत येत, पाणी मागत. त्यांच्यातली एखादी बाई सुभेदाराकडे पाहून हळहळे, "अगं बाई, काय भोगतंय बिचारं!" सिस्टर पाण्याचा तांब्या देत आणि सांगत, "तुमच्या चपला सांभाळा." एवढंच.

अशी अडीच वर्षं गेली. मी नंतर सगळी बेरीज केली. आठवड्यात वाईट दिवस जास्त भरले असं मधल्या काळात चारदा झालं, पण सलग दोनदा कधी नाही. जखम दोनदा झाली, दोन्ही वेळा आठवड्याभरात भरून आली. एकोणीस वर्षं वॉर्डात काम केलेल्या बाईच्या हातचं ते काम होतं. डॉक्टर म्हणत, माणसांच्या दवाखान्यातही एवढी कोरडी पाठ मी पाहिलेली नाही.

एक्याऐंशीच्या सुरुवातीला लघवीतून रक्त जाऊ लागलं. औषधं झाली. मूत्रपिंडं थकली, डॉक्टर म्हणाले. पहिला आठवडा, दोन बरे, पाच वाईट. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी सिस्टर स्वतः वही घेऊन आमच्या दारात आल्या.

"चार झाले भाऊ. उरलेले तीन दिवस कशाला?"

मी म्हटलं, "वेळा एकदा बघू या."

"बघितल्या. सकाळच्या आहेत, दुपारच्या आहेत, अण्णांच्याही आहेत. यावेळी चूक नाही." त्यांनी वही माझ्यासमोर धरली. "आज मी सांगते ते लिहा. आजवर काही लिहायला सांगितलं नाही."

मी पेन काढलं.

"लिहा. पापुद्रा हातात धरला. वास घेतला. खाल्ला नाही, पण माझ्यासाठी जिभेनं चाटला." त्यांनी शब्दावर बोट ठेवलं. "'माझ्यासाठी' खोडा. ते मला वाटलेलं आहे."

मी खोडलं नाही. त्यांनी पाहिलं, पण परत सांगितलं नाही.

पुढे तीन वर्षांनी सिस्टर नांदगावला भाचीकडे राहायला गेल्या. त्यांना निरोप द्यायला सगळी गल्ली आली होती, पण मला तो निरोप नीट आठवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या आहेत त्या, सुभेदाराला नेलं त्या शुक्रवारच्या सिस्टर. गुरांच्या दवाखान्याचं आवार, कडुलिंबाच्या सावलीत बांधलेले तीन बैल, डॉक्टर सबनीस पायरीवर, हातात तयार इंजेक्शन. अकरा वाजत आले होते. सिस्टरनी घड्याळ पाहिलं आणि डॉक्टरांना हाताने थांबवलं. पिशवीतून चादर काढून कडुलिंबाखाली अंथरली, कोपरे सारखे केले. सुभेदाराला कुशीवर निजवलं. दोन्ही हात ओटीपोटावर ठेवून हळू, रोजच्याइतकंच हळू, दाबत राहिल्या. थर्मासमधलं कोमट पाणी फडक्यावर घेऊन पुसलं. दुसऱ्या फडक्याने कोरडं केलं. पावडर लावली.

डॉक्टर जवळ आले, हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, आता याची काय गरज होती?"

सिस्टरनी पावडरीच्या डब्याचं झाकण लावलं.

"अजून आहे ना तो, डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. "हं. आता द्या."